दहा वॅटच्या आत

घाटनांदूर,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

प्रिय हरिओम,

आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. पुण्यात तुम्हीही ठीक असाल. सोयाबीन शेंगांवर आहे, पाऊस उघडला तर हाती लागेल. आप्पांचा दम वाढलाय. जुलैपासून त्यांनाही दुपारी दोन तास आईच्या ऑक्सिजन मशीनवर बसवतो. नळी नाकात घातली की म्हणतात, "ह्याच्यापरीस बैलाची येसण बरी. बैलाला हिंडता तरी येतंय."

फोनवर तू हो-नाही एवढंच बोलतोस, म्हणून लिहितोय. काम संगणकाचं आहे.

दोन वर्षांपूर्वी तू ऑफिसातून निघालेला मोठा संगणक पाठवलास, स्टुडिओतलं सगळं त्यावर एका जागी ठेवायला. तो मी नोव्हेंबरपासून बंद ठेवलाय. फोटो आता सुट्या डिस्कवर आहेत. त्यातली एक टकटक वाजू लागलीय. लग्नाच्या फोटोंचं मला एवढं नाही. पण ऊसतोडीला जाणारी माणसं निघण्याआधी मोबाईल आणून देतात, तुला माहीत आहे. फडात मोबाईल फुटतो, हरवतो, पाण्यात पडतो. त्यांचे फोटो, आधार, लेकरांचे दाखले मी उतरून ठेवतो आणि परत आले की नव्या मोबाईलवर चढवून देतो. दोनशे सात घरांचं माझ्याकडे आहे. दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा निघतील. त्याआधी मला लहानसं, चोवीस तास चालणारं काहीतरी हवं. सगळं मिळून दहा वॅटच्या आत.

मी एक मीटर आणलाय. प्लग आणि सॉकेटच्या मधे लावला की वॅट दाखवतो. तुझा संगणक नुसता चालू असला तरी अठ्ठ्याऐंशी घेतो, काम करताना एकशे दहा. अंबाजोगाईच्या मोहनरावांच्या दुकानात दोनदा जाऊन आलो. पत्त्यांच्या जोडाएवढा एक उघडा बोर्ड मिळतो, तीन-चार वॅटचा. पण त्याला डिस्क बाहेरून यूएसबीने जोडावी लागते, आणि आपल्याकडे विजेचा दाब पडला की ती मधेच सुटते. दोन डिस्कचा तयार डबा चांगला आहे, पण आतल्या डिस्क फिरू लागल्या की वीसच्या वर जातो. राहिला तळहातावर मावणारा पीसी. तो सहा-सात घेतो, त्याला पंखाही नाही. त्यात फिरणाऱ्या डिस्क न घालता एसएसडी घातल्या तर दहात बसेल असं वाटतं. जागा कमी मिळेल, चालेल. बसेल का, एवढं तू सांग.

मोहनराव म्हणाले, "दहा आन् ईसमधी फरक तो काय हो? बिलात दिसणारबी न्हाई."

मी म्हणालो, मला बिलाचं काही नाही.

तुलाही हाच प्रश्न पडेल. त्यामुळे पुढचं लिहायला हवं.

गेल्या नोव्हेंबरात, त्या दिवशी लाइट अकराला गेली. आपल्या इन्व्हर्टरवर आईचं मशीन एकटं तीन तास चालतं. तुझा संगणक सोबत असला तर दोन तास दहा मिनिटं. हे मी नंतर मोजलं. उज्ज्वला आईचा ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणायला अंबाजोगाईला गेली होती. जाताना म्हणाली, "लाइट गेली की तुमचं डबडं आधी बंद करा. इसरताल."

"न्हाई इसरत. जा तू."

पुढच्या खोलीत, स्टुडिओत, चतुराबाई बसली होती. तिचा मोबाईल संगणकाला लावलेला. दारात टोळीचा ट्रक उभा, मुकादम हॉर्न सोडत नव्हता. चतुराबाई म्हणाली, "अंगदभाऊ, उरका की. गाडी चालली माझी. कसलं मशीन हाय हे, म्हशीवानी रवंथ करायलंय." ट्रकातल्या बाया हसल्या. मीही हसलो. मग इन्व्हर्टर अचानक बंद पडला.

उज्ज्वला दीडला आली. सिलिंडर तिनंच जोडला. नंतरचे दवाखान्यातले दोन दिवस तू पाहिलेस.

वर "अचानक" लिहिलं. ते खरं नाही. बंद पडण्याआधी इन्व्हर्टर शिट्टी मारतो. ती मला ऐकू आली. संगणकाची पिन माझ्या पायाशी होती. पडद्यावर नव्वद टक्के झाले होते. म्हटलं, एवढं होऊ दे. अकरा मिनिटं शिट्टी वाजत होती. त्याआधीचे दोन तासही पिन पायाशीच होती. आई मधल्या खोलीत होती. तिनं हाक मारली असेल तर ती हॉर्नमध्ये मला ऐकू आली नाही. मारली असेल असं वाटतं.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "वहिनी, एक सिलिंडर आणायला अडीच तास लागतात? घरात माणूस मरायलंय, तुमचं ध्यान कुठं होतं?" उज्ज्वला माझ्याकडे बघत होती. मी पत्रावळी गोळा करत होतो. गोळा करत राहिलो.

त्या दुपारी घरात आल्याआल्या तिनं दोन्ही पिना इन्व्हर्टरवर पाहिल्या होत्या. संगणकाची तिनंच उपटली. दहा महिन्यांत ती त्यावर एक शब्द बोललेली नाही. तू तिच्याशी बोलत नाहीस. गावात अजून म्हणतात, अंगदची बायको बाजार करत बसली आणि इकडं सासू गेली. मी ते ऐकतो आणि दुकान उघडतो.

तुझ्या संगणकाची यात चूक नाही. डॉक्टर म्हणाले होते, आई फार तर सहा महिने. हे वाक्य मी दहा महिने जवळ ठेवलं. आता थकलो. ते सहा महिने तिचे होते.

नवा पीसी बारा व्होल्टवर चालतो. त्याला वेगळी बॅटरी देणार आणि छतावर एक पॅनल. इन्व्हर्टरला जोडणार नाही. मग दहाचा हट्ट कशाला, असं तू म्हणशील. पावसाळ्यात दोन-दोन दिवस ऊन नसतं. अशा दिवशी कुणीतरी मोबाईल घेऊन येईल, त्याची गाडी उभी असेल, आणि मी वायर इन्व्हर्टरला जोडीन. जोडणार नाही म्हणतोय, पण जोडीन. आप्पा तेव्हा मशीनवर असतील.

हे पत्र उज्ज्वलाला वाचायला दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं. घडी घातली.

"टपाल तीनला निघतंय. टाकायचं तर आजच टाका. उद्या तुमी टाकणार न्हाई."

मग ती आप्पांची नळी काढायला गेली.

संगणकाचं उत्तर मला पाठव. नाही पाठवलंस तरी चालेल. दुसरं उत्तर तिला दे. तिचा नंबर तोच आहे.

अंगद