सात स्थानकांचा दाखला

बुधवार, ६ एप्रिल १९९४

काल इथे लिहिलं त्यात एक चूक आहे. मी लिहिलं: "सिगवार्डला सांगितलं की सात स्थानकं घेतली तर त्याची रीत अडकते." असं मी सांगितलंच नव्हतं. माझा मार्गदर्शक म्हणून त्याला मी एवढंच म्हणाले होते, "प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात अडचण आहे. तुझी रीत एका ठिकाणी अडकते." पुढचं बोलायच्या आत तो खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाला, "सात."

आकडा त्याने उच्चारला. मी नाही.

कालच्या ओळीवर एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. पप्पांनी लावलेली सवय. ते जमीन मोजायचे आणि आम्ही शाळेपासून चाळीस किलोमीटर लांब राहायचो, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत मला त्यांनीच शिकवलं. मोजणीच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलेला आकडा दिसला पाहिजे, बरोबरचा त्याच्या शेजारी.

मग सिगवार्डला सात कसं माहीत?

गुरुवार, ७ एप्रिल

१० जूनला सिगवार्ड लिंडमार्कचं निरोपाचं व्याख्यान आहे. त्यासाठी त्याच्या आयुष्यावर दोन पानं लिहायचं काम विभागाने माझ्याकडे दिलंय. आज एक पान झालं. त्याचे वडील नदीतून ओंडके वाहून न्यायचे. १९५८ साली खोलीभर पसरलेल्या संगणकापाशी तो पहिल्यांदा बसला. तेव्हा आमच्या विषयाला नाव नव्हतं, गणितवाल्यांच्या कोपऱ्यात एक टेबल होतं फक्त. १९७९ मध्ये 'लिंडमार्कची रीत': एकेरी रुळावर हव्या तेवढ्या गाड्या सोडा, त्या एकमेकींची वाट बघत कायमच्या उभ्या राहणार नाहीत. खऱ्या रुळांवर ती कुणी वापरली नाही, रेल्वेवाल्यांचे सिग्नल त्यांचे स्वतःचे आहेत. पण संगणकातली कामंही अशीच एकमेकांसाठी अडून बसतात, म्हणून ती रीत सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. १९८३ मध्ये तो प्राध्यापक झाला.

आणि माझ्याकडे ती रीत खोटी ठरवणारा एक कागद आहे. सात स्थानकं, तीन गाड्या. तिन्ही उभ्या राहतात. कायमच्या.

माझं चौथं प्रकरण त्याच्या सिद्धतेवर उभं आहे. २२ एप्रिलला प्रबंध छापखान्यात द्यायचा. मग इथल्या प्रथेप्रमाणे जिन्याखालच्या लाकडी फळ्यावर खिळ्याने ठोकायचा, तीन आठवडे येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावा म्हणून. २७ मेला जाहीर परीक्षा.

हा दाखला आज पुन्हा तपासला. नववी वेळ. बरोबर आहे.

शुक्रवार, ८ एप्रिल

दहाच्या कॉफीला सहकारी फोल्के म्हणाला, "हिलेवी, चेहरा बघ जरा. प्रबंध छापायचाय, पुरायचा नाही."

"तुझा ठोकलास तेव्हा तू बाथरूममध्ये लपला होतास," गुनवोर त्याला म्हणाली. "हातोडी घेऊन मी दाराबाहेर उभी. खा गं तू बन."

गुनवोर आमची सचिव. कॉफी, किल्ल्या, रजेचे अर्ज आणि ती हातोडी, सगळं तिच्या खणात. दहा वर्षं ती प्रत्येकाच्या हातात हातोडी देते आणि कपबशा मांडायला निघून जाते. ठोकणं बघायला ती कधी थांबत नाही. हे माझ्या आजच लक्षात आलं, आणि का लक्षात आलं ते सांगता येत नाही.

सोमवार, ११ एप्रिल

विचारलं. 

"सिगवार्ड, सात कुठून आलं? मी आकडा सांगितला नव्हता."

त्याने दार लावलं. आपलं दार तो कधी लावत नाही.

"१९८३. प्राध्यापकपदासाठी माझे कागद तज्ज्ञांकडे गेले होते. त्याच महिन्यात माझी विद्यार्थिनी सात स्थानकं काढून घेऊन आली. मी म्हणालो, तुझी मोजणी चुकलीय."

"चुकली होती?"

"नाही."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवशी कळलं. ती जागा मला दोन महिन्यांनी मिळाली." मग म्हणाला, "तिने माझ्यावर विश्वास ठेवला."

"कोण ती?"

"तुला रोज कॉफी देते ती."

 तो पुढे बोलत राहिला. "१० जूनपर्यंत थांब. माझं व्याख्यान होऊ दे. मग शुद्धिपत्रात घाल, ते सगळेच मागाहून प्रबंधात चिकटवतात."

"म्हणजे प्रकरण चुकीचं आहे हे माहीत असून छापू?"

"अपुरं छाप. शरदात निघणाऱ्या नोकरीच्या जागेसाठी तुझं शिफारसपत्र मीच लिहितोय." मग कपाळ चोळत म्हणाला, "हे मी बोलायला नको होतं."

बोलला मात्र.

मंगळवार, १२ एप्रिल

मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही. हे इथे असू दे.

गुरुवार, १४ एप्रिल

गुनवोर पोस्टाची पाकिटं लावत होती. मी कागद तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावला नाही. रेघांवर नुसतं बोट फिरवलं, आणि तिसऱ्या गाडीवर थांबली.

"ही मधल्या स्थानकावर आणलीस. मी टोकाला आणली होती. तुझी जास्त सुटसुटीत आहे."

"सिगवार्ड म्हणतो, तू त्याच्यावर विश्वास ठेवलास."

ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "असं म्हणतो का? चार रविवार बसून पुन्हा केलं मी सगळं. मोजणी बरोबर होती. विश्वासबिश्वास काही नाही. त्याला माहीत आहे हे मला कळलं, आणि मला माहीत आहे हे त्याला कळलं नाही, एवढंच. पदरात दीड वर्षाची पोर होती. वरच्या मजल्यावर सचिवाची जागा निघाली."

"मग इथेच का राहिलीस?"

"कुठे जाऊ? शिवाय कुणीतरी कधीतरी हा कागद घेऊन येणार, ते बघायचं होतं. अकरा वर्षं लावलीत तुम्ही लोकांनी."

म्हणजे सोमवारच्या नोंदीतही दुरुस्ती आली. "तिने माझ्यावर विश्वास ठेवला" हे सिगवार्डचं म्हणणं. खरं तसं नाही. रेघ मारली.

आणि पहिली मी नाही. महिनाभर मनात मिरवत होते! त्यावरही रेघ.

सोमवार, १८ एप्रिल

चौथं प्रकरण नव्याने लिहितेय. रुळांना कुठेही फेरा नसेल, म्हणजे ते फिरून पहिल्या जागी येत नसतील, तर त्याची रीत चालते, तेवढं मी सिद्ध करू शकते. तेवढंच छापायचं. सुरुवातीलाच दाखला द्यायचा आणि तो कुणाचा, हे लिहायचं: गुनवोर नॅसलुंड, १९८३.

शिफारसपत्र मिळणार नाही असं धरून चालले आहे. पप्पांना फोन केला. ते म्हणाले, "मग दुसरीकडे मोजणी कर. जमीन पुष्कळ आहे."

गुरुवार, २१ एप्रिल

काल नवं प्रकरण सिगवार्डच्या टेबलावर ठेवून आले. सोबत चिठ्ठी: "मी थांबणार नाही. हे शुक्रवारी छापखान्यात जाईल." चिठ्ठी सहा वेळा लिहिली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान झाली.

आज तो कॉफीला आला नाही. फोल्केने विचारलं, "म्हातारा रुसला की काय?"  गुनवोरने त्याचा कप उचलून कपाटात ठेवला.

दुपारी प्रकरण माझ्या खणात परत आलं. अख्ख्या एकतीस पानांत पेन्सिलीची एकच खूण. मी लिहिलं होतं: "लिंडमार्कची सिद्धता बहुधा चुकीची आहे." 'बहुधा'वर त्याने एक रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं.

पत्राबद्दल एक शब्द नाही.

शुक्रवार, २२ एप्रिल

छापखान्यात दिलं. 

सोमवार, २५ एप्रिल

गुनवोरला छापायला गेलेलं पान दाखवलं. ती न वाचताच रागावली. "तळटीपेत बसवून माझ्यावर उपकार नकोत."

"तळटीप नाही. पहिलं वाक्य आहे."

तिने ते दोनदा वाचलं. मग खालचा खण ओढला आणि हातोडीच्या खालून एक करडं पाकीट काढलं. टंकलेखन यंत्रावर लिहिलेली अकरा पानं. वरच्या कोपऱ्यात तारीख: १४ मार्च १९८३. पहिल्या पानाच्या माथ्यावर एक बारीक भोक.

"घरीच ठोकलं होतं," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दारावर. कुणी वाचायला आलं नाही."

मंगळवार, २६ एप्रिल

गुनवोरकडे दोन खिळे मागितले. तिने विचारलं नाही दुसरा कशाला. एवढंच म्हणाली, "कपबशा त्या दिवशी फोल्के मांडेल."

शुक्रवार, ६ मे. सकाळी पावणेदहा. आधी तिचं ठोकलं, मग माझं.