मागचा पाइप कापणार नाही

वाशीम, मंगळवार संध्याकाळ

आज कॉलेजच्या रेसगाडीवरून आमच्या कॅप्टनशी, सुमितशी, भांडण झालं. त्यानं आणलेलं मोठं इंजिन चौकटीत बसेना.

"मागचा तिरपा पाइप कापून टाक," तो म्हणाला.

गाडी उलटली तर तोच पाइप डोकं वाचवतो. आणि चालवणार कोण? मी!

"कापू देणार नाही."

"पावर कमी पडली त हारू न वं आपण!"

"मंग तूच बस या गाडीत."

त्यानं हातातला पाना खाली टाकला. जास्त बोलले का मी? असेन. पण तो पाइप... नाहीच.

शेवटी जुनं लहान इंजिन मीच ओढत आणून बसवलं. सुमित मदतीला आला. "राहू दे," म्हटलं.

हरलो तर हरलो. पण वळणावर माझी हलकी गाडी कुणालाच सहज पुढं जाऊ देणार नाही.