कोपराची बाहेरची बाजू

कुंभकोणम्,
नोव्हेंबर

प्रिय कल्याण,

हल्ली मी लोकांची कोपरं बघते. दारासुरम्‌च्या टाउन बसमध्ये वरची दांडी धरून उभी असलेली माणसं म्हणजे माझ्यासाठी प्रदर्शनच आहे. परवा एका बाईचं कोपर मी इतका वेळ न्याहाळलं, की तिने पदर ओढून घेतला आणि तमिळमध्ये विचारलं, "काय अम्मा, माझ्या हातावर स्टॉपचं नाव लिहिलंय का?" घरी सांगितलं तर तुझे भावजी म्हणाले, "इतकी वर्षं कॉलेजात पानं तपासलीस, आता माणसं राहिली होती."

हे काय नवीन, असं तू विचारशील. सांगते. पण आधी तुझ्या मृदंगाचं. दिवाळीहून परत जाताना तू म्हणालास, की बोटं आता ऐकत नाहीत, पुण्याचा क्लासही तोंडाने बोल म्हणूनच चालवतोस, तेव्हा अप्पांनी घेऊन दिलेला इथला मृदंग शेजारच्या सौंदर्याला देऊन टाक. घरातली जुनी छत्री कुणाला तरी द्यावी, अशा सुरात म्हणालास. मी मान हलवली. अजून मी तो दिलेला नाही. का, ते लिहिणार आहे, पण त्यासाठी मला थोडं लांबून यावं लागेल. फोनवर तू "हूं, अक्का" म्हणत दुसरंच काहीतरी करत असतोस, म्हणून हे पत्र. आणि हो, मराठी तुमच्या पुण्याची लिहिते आहे. आपल्या घरातली तंजावरी लिहिली, तर तुझे शिष्य पुन्हा विचारतील की तुमची बहीण कुठल्या शतकातली.

माझी कोपरं आणि गुडघे तुला आठवत असतील. नोकरीच्या पहिल्या वर्षी घसा धरून ताप आला आणि त्यानंतर ते चट्टे उठले. अंबाबाई आत्यांनी लांबूनच निकाल दिला : करप्पान. आपल्या घरात कातडीवर काहीही आलं की त्याला हे एकच तमिळ नाव आणि त्यावर एकच उपाय, वांगं बंद. रविवारी वांग्याचं सांबार असलं की तू माझ्यासमोर बसून मुद्दाम हळूहळू जेवायचास. शिवाय वेट्पालैची पानं घालून उन्हात ठेवलेलं खोबरेल तेल. ते काही दिवसांत जांभळं व्हायचं आणि माझे अभ्रेही. "हिची उशी बघा, थेट राजवाड्यातली," असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. नवरात्रात गोलूच्या बाहुल्यांची मांडणी बघायला गेलं की सगळ्या बायकांच्या हाताला चंदन लावायचे, माझ्यापुढे मात्र वाटी यायची, "तूच लाव गं तुझं." त्यात दुष्टपणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी दुसऱ्याच्या डोक्याला तेल लावणं सोडलं. पोटच्या लेकीच्या, जननीच्यासुद्धा. तिला लहानपणापासून तेल लावलं ते तिच्या वडिलांनी.

त्यात जननीला पाळण्यात असल्यापासून कोपराच्या खळगीत आणि गुडघ्यामागे पुरळ. खाजवून खाजवून पाणी यायचं. आत्या म्हणाल्या, "आईने दिलेलं." मला ते खरंच वाटलं. तिचंही वांगं बंद झालं. आता ती कॉलेजात आहे. जूनमध्ये तिने स्वतःच त्वचेच्या डॉक्टर शोधल्या, मधुमिता म्हणून आहेत, आणि मला म्हणाली, "तूही चल, दोघींचं एकाच खेपेत होईल." डॉक्टरांनी आमचे हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावले. माझा चट्टा कोपराच्या बाहेरच्या बाजूला, तिचा आतल्या. मग म्हणाल्या, हे दोन वेगळे आजार आहेत. तुमचा सोरायसिस, मुलीचा एक्झिमा, म्हणजे इसब.

कल्याण, मी कॉलेजात मुलींना वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या तासाला सांगते, की दोन झाडं सारखी दिसली तर पानाची कड बघा. आणि घरात दोन नमुने समोर असून मी कड बघितली नाही. माझ्या चट्ट्याची कड नकाशातल्या बेटासारखी स्पष्ट, वर राखाडी-चंदेरी खवले. जननीच्या पुरळाला कडच नाही, ते आजूबाजूच्या कातडीत विरून जातं. माझं खाजतं, पण तिला झोपेतही हात आवरत नाही. डॉक्टर म्हणाल्या, माझ्या शरीराची संरक्षणव्यवस्था कातडीला उगाच घाई करते. जी कातडी वर यायला साधारण महिना लागावा, ती काही दिवसांतच येते आणि साचत राहते. जननीच्या कातडीची भिंतच गळकी आहे, आतला ओलावा बाहेर जातो आणि साबण, धूळ आत शिरते. असं इसब बरेचदा दम्याच्या घराण्यात दिसतं. दमा तुझ्या भावजींकडचा. हे आत्यांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तरीच. आपल्याकडचं इतकं खाजरं नसतंच." इतक्या वर्षांत आपल्या घराण्याची एवढी स्तुती मी ऐकली नव्हती.

मी डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. पुस्तकातल्या चित्रांत हे लालभडक असतं, मग माझं जांभळट-तपकिरी का? तर चित्रं गोऱ्या कातडीची. नुसतं बघून नेहमी कळतं का? नाही, म्हणून माझ्या कोपराचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. काच मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायची होती, पण प्रयोगशाळा तंजावूरची, तिथेच राहिली. अजून हळहळ वाटते. चिकटतं का? दोन्हीतलं कुठलंच नाही. आणि वांगं? त्या हसल्या. मी बाजारातून जांभळी वांगी आणली, आम्ही दोघींनी भरपूर खाल्ली, कोपराला काहीही झालं नाही. अर्थात एका जेवणावरून काही सिद्ध होत नाही, हेही इथे नोंदवते. मलमांनी चट्टे आता पातळ झाले आहेत. ते कायमचे जाणार नाहीत, शांत राहतील. पेपर तपासायचे दिवस आले की पुन्हा डोकं वर काढतात.

म्हणूनच या दिवाळीला तू पाटावर बसून "अक्काने तेल लावलं तरच उठतो" असा हट्ट धरलास, तेव्हा मी वाटी हातात घेतली. आत्यांनी तोंड उघडलं होतं. जननी म्हणाली, "चिकटत नाही, आजी. तुम्हीही बसा हवं तर." इतक्या वर्षांनी माझे हात कुणाच्या तरी केसांत होते. मध्येच मी थांबले, तर तू म्हणालास, "काय अक्का, झोप लागली का?" मी म्हटलं, तेल गरम आहे.

तेल गरम नव्हतं. तुझ्या उजव्या कानामागे आणि मानेवर केस संपतात तिथे माझी बोटं अडली होती. ती कड मला डोळे मिटून ओळखू येते. मग स्वतःलाच बजावलं, की नवीन झाड शिकलेल्या माणसाला ते प्रत्येक बांधावर दिसतं, गप्प बस. पण दुसऱ्या दिवशी अमावास्येच्या तर्पणाला दर्भाचं पवित्र तुझ्या उजव्या अनामिकेत जाईना. भटजी म्हणाले, "पुण्याचं तूप मानवलंय," आणि मोठं वळून दिलं. तूप एकाच बोटाला कसं मानवेल? ते बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलेलं होतं. तुझ्या नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे आहेत. वाजवून पडले, असं तू म्हणालास, पण ते डाव्या अंगठ्यावरही आहेत आणि डावा अंगठा मृदंगाला कुठे लागतो? सकाळी कॉफीचा पेला तू दोन्ही तळव्यांत धरायचास, दुपारी मात्र एका हाताने, म्हणजे सकाळी बोटं आखडलेली असतात. रक्त तपासलं, संधिवात निघाला नाही, वाजवून वाजवून झालंय, असं तुला तिथे सांगितलं होतं ना? म्हणून तुझं नाव न घेता मी मधुमितांना विचारलं. त्या म्हणाल्या, सोरायसिस काहींच्या सांध्यांत उतरतो, कातडीवर कानामागे एवढासा डाग असला तरीही. नेहमीच्या संधिवाताची रक्ततपासणी अशांची बहुतेक वेळा निर्दोष येते. वेळेवर औषध सुरू झालं तर बोटं वाचू शकतात. उशिरा सांधा एकदा झिजला की परत भरून येत नाही. मी डॉक्टर नाही, माझी चूक झाली असेल तर मला आनंदच होईल आणि तू मला आयुष्यभर चिडव. पण या आठवड्यात संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जा. कानामागे बघा म्हण, नखं दाखव आणि बहिणीला सोरायसिस आहे हे सांग. मृदंग मी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या सेतूकडे नवी पुडी चढवायला टाकला आहे. कुणाच्या हाताला हवा, असं त्याने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. पोंगलपर्यंत तयार ठेवतो म्हणाला.

तुझ्या डोक्याला पुढच्या दिवाळीलाही तेल लावणारी,
तुझीच,
अक्का