दोष आढळला नाही

प्रिय ठमे,

फोनवर हे बोलवलं नसतं, म्हणून लिहितोय. बाबांनी गाडी उड्डाणपुलावर उलट्या बाजूने चढवली. समोरून येणारी स्कूटरवाली बाई त्यांना चुकवायला गेली आणि कठड्यावर आदळली. जिवावरचं पायावर निभावलं, पण ती पूर्वीसारखी चालेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. बाबांना साधं खरचटलंही नाही.

उभा जन्म दवाखान्यांना औषधं पोचवणारा माणूस, गल्लीबोळ तोंडपाठ असलेला, असा कसा चुकेल? त्यात ते कधीपासून सांगत होते की गाडीतलं रस्ता दाखवणारं यंत्र बिघडलंय. त्यातल्या आवाजाला उद्देशून म्हणायचे, ‘ह्या बाईचं डोकं फिरलंय.’ आम्ही हसायचो. घरी यायला उशीर झाला की दोष त्या बाईचा, आणि आम्हालाही ते सोयीचं होतं.

पोलिसांनी गाडी परत दिल्यावर बाबा हट्टालाच पेटले, यंत्र तपासून घे. गॅरेजवाल्याने सांगितलं, गाडी मोकळ्यावर उभी करा, दोन बटणं एकदम दाबून धरा, यंत्र आपलं आपण तपासतं. मैदानाच्या कडेला गाडी लावली. पडद्यावर एकेक ओळ येऊ लागली आणि बाबा चष्मा सावरत मोठ्याने वाचू लागले. अँटेना जोडलेली आहे. उपग्रहाचा सिग्नल मिळतो आहे. वेगाची नोंद बरोबर. दिशेची नोंद बरोबर. एखादी तरी ओळ लाल यावी म्हणून मी देवाची करुणा भाकत होतो. शेवटी आलं, दोष आढळला नाही.

‘पुन्हा लाव,’ म्हणाले. मी तपासणी पुन्हा लावली. तेच आलं. मग त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाले, ‘म्हणजे मीच.’

मी विचारलं, ‘त्या दिवशी निघाला होतात तरी कुठे?’ तर म्हणाले, ‘ठमीला आणायला. शाळा सुटली असेल, एकटी उभी राहील.’

डॉक्टर म्हणतात, हे थांबणार नाही, वाढतच जाईल. बाबा रोज विचारतात, त्या बाईला कोणी पाडलं? पहिल्यांदा मी खरं सांगितलं. लहान मुलासारखे रडले. आता नाही सांगत.

तुझ्या लग्नाच्या वेळी ते जे बोलले, ‘ही पोर मला मेली,’ ते तू विसरावंस असं मी म्हणत नाही. तो हक्क मला नाही. पण ते स्वतः विसरलेत. मी मुद्दाम विषय काढला, तर ‘कसलं भांडण?’ म्हणून माझ्याकडेच बघत राहिले. म्हणजे तुझी माफी मागणारा माणूस आता या घरात नाही, ती आशा धरून येऊ नकोस. तू मात्र अजून त्यांच्या लक्षात आहेस. तेही जाईल म्हणतात. त्याआधी ये. एवढा उशीर कुठे केलास म्हणून रागावतील, तेवढं ऐकून घे.

तुझाच,
दादा