बॅड, बॅडली आणि चाळीस अभ्रे

३ मार्च, सोमवार
वीस वर्षं या हॉटेलच्या लॉन्ड्रीत वाफ खाल्ली, आणि आता म्हणे सुपरवायझर व्हायला इंग्रजीची परीक्षा. चादरी काय इंग्रजीत मळतात? परीक्षा दहा तारखेला. इस्त्रीवालीनेही अर्ज भरलाय, माझ्याच वयाची, जाड चष्म्याची. भरू दे बिचारीला.

४ मार्च
धाकट्या लेकीने शिकवायला घेतलं. काम कसं केलं ते सांगताना 'ली' लावायचं. वॉक स्लोली. समजलं. पण फील, लुक, स्मेल यांच्यापुढे लावायचं नाही. फील बॅड, बॅडली नाही. का? तर तिथे काम नाही, माणूस कसा आहे ते सांगतोय. म्हटलं, लावायचं की नाही ते एकदाच काय ते ठरवा. ती म्हणाली, आई, तू ऐकतच नाहीस. शिकवण्याची हातोटी नाही. बापावर गेलीय.

५ मार्च
पहाटे उठून अभ्यास करायचं ठरवलं होतं. गजर ऐकू आला नाही. घड्याळच बिघडलंय.

६ मार्च
युक्ती सापडली. खोल्यांचे नंबर घालायच्या शाईने चाळीस अभ्र्यांच्या कडेवर एकेक वाक्य लिहिलं. घड्या घालता घालता पाठ. ही शाई जन्मात जात नाही, म्हणजे अभ्यास पक्का. परीक्षा झाली की गठ्ठा लपवून टाकेन.

८ मार्च
अभ्यासासाठी रजा. दुपारी डोळा लागला. डोक्याला विश्रांती हवीच.

९ मार्च
काल माझ्यामागे इस्त्रीवालीने चाळीसही अभ्रे इस्त्री करून वर खोल्यांत पाठवले. एक पाहुणा अभ्रा घेऊन खाली आला. रात्रभर त्याच्या गालाखाली 'आय फील बॅड'. साहेबांनी अक्षर ओळखलं. मी सांगितलं, पाहुण्यांना वाचायला काहीतरी असावं म्हणून.

१० मार्च
पेपर सोपा. धोका नको म्हणून सगळीकडे 'ली' लावलं. पद माझंच. सुपरवायझरचा बिल्ला साडीला कुठे लावायचा तेही ठरवलं.

१२ मार्च
इस्त्रीवाली सुपरवायझर झाली. वर मला येऊन सांगते, "ताई, तुमचेच अभ्रे दाबता दाबता पाठ झालं हो."
साहेबांना चिठ्ठी लिहिली: शाईची युक्ती माझी, अक्षर माझं, मेहनत माझी, मग पास ती कशी? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर पाहिजे.
साहेब थेट चिठ्ठी घेत नाहीत. सुपरवायझरमार्फत द्यावी लागते. दिली. तिने चष्मा पुसला, चिठ्ठी वाचली आणि विचारलं, उत्तर मराठीत चालेल ना?
शुक्रवार म्हणजे शुक्रवार.