बारकीची सुट्टी

४ मार्च, सोमवार

शाळेने बोलावलं होतं. दोन महिने झाले, माझी धाकटी बहीण बारकी वर्गात एक अक्षर बोललेली नाही! घरी तर तोंड मिटत नाही. समुपदेशक बाईंनी आई-बाबांसाठी फोनवर एक दुभाषी जोडून घेतली. मग विचारलं — दवाखान्यात, दुकानात, घरमालकाशी, इथल्या भाषेत तुमच्या वतीने कोण बोलतं?

आम्ही तिघांनी बारकीकडे पाहिलं. नऊ वर्षांची पोर. आईच्या ऑपरेशनचं सगळं डॉक्टरांकडून ऐकून आम्हाला तिनेच सांगितलं होतं.

बाई म्हणाल्या, "तिला यातून सुट्टी द्या. तुमचं तुम्ही बोला." सत्र संपेपर्यंत गप्पच राहिली तर तिला एक इयत्ता मागे बसवतील.

५ मार्च, मंगळवार

आजपासून सुट्टी. सुट्टी तिला, परीक्षा माझी!

९ मार्च, शनिवार

बाबा एकटे केस कापायला गेले. न्हाव्याला दोन बोटं दाखवली — एवढे ठेवा म्हणून. त्याने दोन नंबरचं मशीन फिरवलं! बाबा दारात उभे, डोकं भादरलेलं. आई म्हणाली, "कोण पाहिजे तुम्हाला?"

बारकी जमिनीवर लोळून हसली. उचकी लागली. बाबा म्हणाले, "थांब, तुझ्या दादालाही पाठवतो." किती दिवसांनी घर असं हसलं!

१२ मार्च, मंगळवार

माझी पाळी. न्हाणीघरातला नळ गळतोय, घरमालकाला फोन करायचा. वाक्यं कागदावर लिहिली, शुद्धलेखन तपासलं — फोनवर ते कोण बघणार! पलीकडून "हॅलो" ऐकलं आणि ठेवून दिला. दोनदा. तळहात ओले.

लाँड्रीत इस्त्री करताना चादरींचे कोपरे जुळेनात. मुकादम म्हणाला, "काय रे, चादरीशी भांडलास का?"

इथे आलो तेव्हा मी तेरा वर्षांचा. तेव्हा आई-बाबांसाठी मी बोलायचो. वर्गात नाव पुकारलं तरी असेच तळहात भिजायचे. आठवीत शाळा सुटली, आणि पुढे सगळं बोलणं बारकीवर आलं.

बारकीने हळूच विचारलं, "दादा, मी करू फोन?"

"नको. तुला सुट्टी आहे."

१४ मार्च, गुरुवार

स्वतःच गेलो घरमालकाकडे. येत असलेले शब्दही ऐनवेळी पळाले. मग नळ, थेंब, बादली — सगळं हातवाऱ्यांनी करून दाखवलं. त्यांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या! संध्याकाळी प्लंबर आला. गळती बंद!

बारकीने नळाखाली हात धरला. "दादा, एक थेंब पण नाही!" मी दुप्पट जेवलो.

२१ मार्च, गुरुवार

बारकी शाळेत अजून गप्प. पण बाई म्हणतात, मैत्रिणीचा हात धरून फिरते, हसते — आवाज न करता. आई म्हणाली, "हसू आलंय ना? शब्दही येतील. घाई कुणाला आहे?"

मला आहे.

२ एप्रिल, मंगळवार

बारकी बोलली! शाळेत! मोठ्याने!

तिला सोडून मी फाटकाशीच रेंगाळलो होतो. समुपदेशक बाई धावत बाहेर आल्या. म्हणाल्या, तिचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? — "माझ्या दादाला पण भीती वाटते. त्याला आत बोलवा."

गेलो. बारकीशेजारची खुर्ची लहान मुलांची, गुडघे हनुवटीला लागले. बसलो.