पाठीवरचा ठेका

मॅम्पाँग, १२ मे १९६४

चि. सेलॉर्म यास आत्याचे अनेक आशीर्वाद,

तिकडचा मक्याचा गोळा, ते अक्प्ले, खाऊन गाल वर आले असतील, पण हात शाबूत आहेत ना? दादाचे, म्हणजे तुझ्या बाबांचे, हात आता थरथरतात. येत्या सणाला राजवाड्यातल्या, चढ्या-उतरत्या सुरांत आपली भाषा बोलणाऱ्या ढोलांची जोडी तो माझ्या जोमोच्या हाती देणार. आमच्यात मामाचं भाच्याकडे जातं, मुलाकडे नाही, हे तुला काय सांगायचं! आणि जोमो तर काय, परवा ढोलावर वडीलधाऱ्यांना बसा म्हणायला गेला, सूर चढला आणि भलतंच निघालं. म्हातारे उठून चालू लागले.

दादाकडून सगळं शिकलास तो तूच, तू येऊन त्याला शिकव. तुझ्यावर हा अन्याय आहे, कळतं मला. आम्ही अकान आईवरून घर मोजतो, तुझ्या आईचे एवे लोक बापावरून. तू दोन्हीकडून उरलास. तरी ये रे.

तुझी सेर्वा आत्या

पेकी, २३ मे १९६४

ती. आत्यास सा. न. वि. वि.,

पत्र वाचून आधी रागच आला, मग बोचकं बांधायला घेतलं. येतो. आई गेल्यावर इथे आजोळी आलो खरा, पण इथे मी 'तो अकान' आणि तिथे 'एवे बाईचा पोर'. गंमत म्हणजे इथलेही ढोल तुमच्याच भाषेत बोलतात, आणि कुणाला कळत नाही म्हणून अर्थ सांगायला मला बोलावतात.

लहानपणी मला निजवताना बाबा पाठीवर बोटांनी एक ठेका धरायचे, आई शेजारी हसत असायची. ढोलाचं सगळं बोलणं मला कळतं, त्या ठेक्याला मात्र काही अर्थ नाही. हात मोकळे व्हायला चांगला आहे. जोमोला आधी तोच देईन.

फक्त सणाच्या आदल्या दिवशी मी निघेन, अडवू नकोस. सणाच्या दिवशी ढोल घरच्या प्रत्येकाला नावाने हाक मारतो. माझं नाव कधी आलं नाही. तिथे पुन्हा उभं राहवणार नाही.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा सेलॉर्म

मॅम्पाँग, ६ जुलै १९६४

चि. सेलॉर्म यास आशीर्वाद,

जोमोला शिकवून पळालास ना ठरल्याप्रमाणे? आता बसून वाच. जोमोने पूर्वजांना हाक मारली, राजाला मारली, आणि पुढचं पार विसरला. घाबरून तो तुझा सरावाचा ठेकाच वाजवत सुटला; सराव तुम्ही लांब रानात केलात, म्हणून दादाच्या कानी तो कधी पडला नव्हता. कुणाला काही कळेना. दादा मात्र काठी टाकून उभा राहिला आणि गर्दीत बघत म्हणाला, "माझा मुलगा परत आलाय? त्याला कुणी बोलावलं?"

अरे, ते तुझं नाव आहे, दादानेच मग सांगितलं! अर्धं आमच्या भाषेत, अर्धं तुझ्या आईच्या. 'सेलॉर्म, नदीच्या दोन्ही काठांचा.' दोघांनी मिळून जुळवलेलं. राजवाड्यात वाजवायची दादाची छाती झाली नाही, म्हणून तुझ्या पाठीवर वाजवत राहिला. तू त्यात फक्त आमचं बोलणं शोधलंस, वेड्या.

जोमो म्हणतो, आता दर सणाला हे नाव वाजणार, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. दादा तेव्हापासून फाटकाजवळच बसतो, जेवायलासुद्धा आत येत नाही. हाक मारून झाली आहे बाळा, आता ओ द्यायला ये.

तुझीच,
आत्या